लोकरीचा गुंडा

विणकाम शिकविणाऱ्या भगिनी उलट-सुलट टांक्यांविषयीं पुष्कळ सांगतात. परंतु सुया हातीं धरण्यापूर्वीं लोकरीचा गुंडा कसा करावा, याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. आमच्या मतें अर्धें विणकाम तेथेंच साधतें किंवा बिघडतें.

लोकर स्वभावतःच लवचिक. ताणली कीं लांबते, सोडली कीं आखडते. घाईनें चेंडूसारखा टणक गुंडा केला, तर धागा दिवसेंदिवस ताणलेलाच राहतो व तसाच विणला जातो. पुढें पहिल्याच धुण्यांत तो मूळच्या लांबीवर येऊं पाहतो, आणि मापानें केलेला स्वेटर मुलाच्या काखेंत काचूं लागतो. दोष मात्र बिचाऱ्या साबणाला! म्हणून गुंडाळतांना डाव्या हाताचीं दोन बोटें धाग्याखालीं धरावीं, आणि दहा-वीस वेढे झाले कीं तीं काढून घेऊन गुंडा फिरवावा. बोटें निघतांच वेढे सैल पडतात. गुंडा दाबला असतां मऊ उशीप्रमाणें दबला पाहिजे.

आमच्या सासूबाईंना आतां टांके दिसत नाहींत, त्यामुळें त्यांचें विणणें सुटलें. परंतु आमच्या घरीं लोकर गुंडाळण्याचा मान अद्याप त्यांचाच. नातू दोन्ही हातांत लड अडकवून समोर चुळबुळत बसतो, आणि त्यांच्या बोटांतून धागा सरकत असतो. मध्येंच त्या थांबतात. “सूनबाई, येथें धागा विरला आहे. हा गळ्याशीं घेऊं नकोस.” आम्ही उजेडांत धरून पाहावें, तों खरोखरच तेथें धागा विरलेला! त्यांनीं गुंडाळलेली लोकर विणतांना आम्हांस गांठ म्हणून आडवी येत नाहीं.

लगेच विणावयाचें नसेल तर लड लडच राहूं द्यावी. कसरीचें पांखरूं लोकर खात नाहीं, खाते ती त्याची अळी. तिला अंधार व मळ प्रिय. तेव्हां लोकर स्वच्छ असावी, उन्हांत झटकून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. बाळासाठीं घेतलेल्या लोकरींत मात्र डांबराच्या गोळ्या मुळींच घालूं नयेत. कांहीं अर्भकांच्या रक्तांतील तांबड्या पेशी त्यांच्या वाफेनें फुटतात व कावीळ होते. लोकरीला भोंक पडलेलें परवडलें.

वेष्टनावरील चिठ्ठीही टाकूं नये. एकाच रंगाच्या, पण निरनिराळ्या वेळीं रंगविलेल्या लोकरींत छटेचा फरक पडतो, आणि तो नेमका बाहीवर उमटतो. सासूबाई ती चिठ्ठी घडी करून तिच्यावरच गुंडा सुरू करतात. लोकर संपत आली कीं गुंड्याच्या पोटांतून रंगाचा क्रमांक आपोआप बाहेर येतो, आणि दुकानीं तोच मागतां येतो.