सहा रकाने

११ जून २०२२, एडिसन
संमतिपत्र घरी आणलं. जाडजूड. रात्री जागून वाचलं. हिच्या सहीखाली माझी सही. माझा हुद्दा ‘स्टडी पार्टनर’. सोबतीला माणूस नसेल तर चाचणीत प्रवेश नाही, असं कलमच आहे.
औषधाला नाव नाही. नुसती अक्षरं आणि आकडे.

१४ जून
मुलाखत. आधी मी एकटा, मग ही एकटी. मला म्हणाले, गेल्या काही दिवसांतला एक प्रसंग सांगा, तपशिलासकट. नातीच्या शाळेतला कार्यक्रम सांगितला. तोच प्रसंग मग हिला विचारतात आणि ताडून पाहतात.
सहा रकाने. स्मरण, स्थळकाळाचं भान, निर्णय, बाहेरचे व्यवहार, घर आणि छंद, स्वतःची निगा. प्रत्येकी ० ते ३. बेरीज १८ पर्यंत. कमी तितकं बरं. हिची किती झाली, सांगितलं नाही.

२१ जून
एमआरआय. चमकी काढायला लावली. लग्नापासून नाकातच होती. लेकीने साबण लावून काढली. ही रडली नाही, रागावली. बाहेर आल्यावर म्हणाली, “केवढा तो ठणठणाट!” गाडीत बसल्याबसल्या चमकी मागितली.
मेंदूत रक्तस्रावाचे बारीक ठिपके चारांहून जास्त निघाले तर बाद.

२३ जून
चारांहून जास्त नाहीत. किती आहेत, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

३० जून
पेट स्कॅन. टोचायचं द्रव्य सकाळीच सायक्लोट्रॉनमध्ये बनतं आणि व्हॅनने येतं. व्हॅन टर्नपाइकवर अडकली. त्यातलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. साठवून ठेवायची सोय नाही. सगळे घड्याळाकडे बघत होते, ही सोडून.
टोचल्यावर हिला वेगळ्या खोलीत बसवलं. दारातून मला विचारते, “अहो, माझा विटाळ का?”

८ जुलै
को-ऑर्डिनेटरचा फोन. आवाज आनंदी. स्कॅन पॉझिटिव्ह आहे, तुम्ही पात्र आहात. मीही थँक यू म्हणालो.
हिला सांगितलं, निवड झाली.
“कशात?”

१० जुलै
वाचतोय. पंचवीस वर्षांपूर्वी जिवंत माणसाच्या मेंदूतला अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) दिसत नव्हता. खात्री व्हायची ती शवविच्छेदनात. पिट्सबर्गच्या क्लंक आणि मॅथिस यांनी त्याला चिकटणारं द्रव्य तयार केलं. पहिल्या रुग्णाचा स्कॅन २००२ मध्ये स्वीडनला, उप्सालात. पिट्सबर्गला आम्ही बालाजीच्या देवळासाठी जायचो.
तरी पुढेही काही वर्षं चाचण्यांतली भरती लक्षणांवरूनच. बापिन्यूझुमॅबच्या एका चाचणीत एपीओई-४ जनुक नसलेले रुग्ण घेतले होते. त्यांतल्या ज्यांचे स्कॅन केले, त्यांत तिघांत साधारण एकाच्या मेंदूत अमायलॉइड पुरेसा नव्हताच. जे नाही ते काढायचं औषध. आमची चाळणी तिथून आली.

२ ऑगस्ट
पहिली सलाइन. औषध की पाणी, कोणालाच माहीत नाही. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. दर चार आठवड्यांनी.

३१ ऑगस्ट
गणपती आले. अथर्वशीर्ष हिने एकटीने म्हटलं, कुठेही न अडखळता. अर्ध्या तासाने विचारते, “आरती कधी करायची?” पुन्हा केली. नातीला मजा वाटली.

१४ नोव्हेंबर
अमायलॉइड काढणारं गॅन्टेनेरुमॅब नापास. दोन मोठ्या चाचण्या. अमायलॉइड अपेक्षेइतका उतरला नाही म्हणे. लेकीला कळवायचं नाही असं ठरवलं. तिचीच लिंक आली.

३० नोव्हेंबर
तशाच लेकॅनेमॅबचे आकडे जाहीर. १,७९५ माणसं, दीड वर्ष. पेटची मोजपट्टी सेंटिलॉइडची. तरुण निरोगी मेंदू ०, सर्वसाधारण अल्झायमर १००. औषधवाल्यांची सरासरी ७८ वरून २३ वर आली.
सहा रकान्यांच्या बेरजेत दोन गटांतला फरक ०.४५. अठरापैकी. घसरण दोन्हीकडे चालूच, औषधवाल्यांची २७ टक्के हळू.
चित्र एवढं पालटलं आणि माणूस ०.४५.
०.४५ म्हणजे घरात काय? चहात साखर दोनदा पडणार की एकदा?

१५ जानेवारी २०२३
संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना हिने नावाने हाक मारली. एक राहिली. शेजारची, रोज येणारी.

१९ जानेवारी
परवा ठरलेला एमआरआय झाला. आज फोन. डोकं दुखतं का? भोवळ? दिसायला त्रास? नाही, नाही, नाही. मेंदूत मागच्या बाजूला उजवीकडे सूज आहे. ‘आरिया-ई’. भिंतीला ओल यावी तसं रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. बहुतेकांना काही जाणवत नाही, स्कॅनमध्येच कळतं. सलाइन थांबवली. आता दर महिन्याला एमआरआय.
चमकी काढूनच ठेवली आहे.

२० जानेवारी
झोप नाही. विम्याच्या नोकरीतली जुनी सवय, कागद घेतला. लेकॅनेमॅबच्या चाचणीत सूज औषधवाल्यांत १२.६ टक्के, पाणीवाल्यांत १.७. आमचं औषध दुसरं, पण जात तीच. म्हणजे हिच्या सलाइनमध्ये खरं औषध असण्याची शक्यता आठांत सात.
आनंद झाला. भीती नंतर आली.

२१ जानेवारी
लेक फोनवर ओरडली. “आईच्या मेंदूला सूज आलीय आणि बाबा, तुम्ही गणितं कसली मांडताय?”

१७ फेब्रुवारी
सूज उतरते आहे. ही रोज विचारते, सुई कधी? हे बरं विसरत नाही.

२२ मार्च
पाडवा. एमआरआय स्वच्छ.

२९ मार्च
नवीन वाचलं. या जातीची काही औषधं घेणाऱ्यांचा मेंदू पाणीवाल्यांपेक्षा जास्त आक्रसतो. एमआरआयवर मोजलेलं. अमायलॉइड निघून गेला म्हणून की आणखी कशाने, तज्ज्ञांत एकमत नाही. आम्हाला सूज आली, सूज गेली, एवढंच सांगतात. बाकीची मापं परस्पर जातात.

७ एप्रिल
सलाइन पुन्हा सुरू. “अहो, यात आहे काय?” म्हणाली. माहीत नाही म्हणालो.

९ एप्रिल
ही मला बरी वाटते आहे. शब्दकोडं बरंचसं सोडवलं. बँकेचं पत्र स्वतः उघडून वाचलं. लेकीला विचारलं, तुला काय वाटतं? तिला तशीच वाटते.

४ मे
याच जातीच्या डोनानेमॅबची बातमी. टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा पेट करून गट पाडले होते. मध्यम टाऊवाल्यांची घसरण ३५ टक्के हळू. अमायलॉइड ठरावीक पातळीखाली गेला की सलाइन बंद करायचे, तेही स्कॅन पाहूनच.
हिचाही टाऊचा स्कॅन झालाय. “फोटो कसा आला?” हिने विचारलं होतं. दाखवत नाहीत म्हटल्यावर, “मग काढतात कशाला?”

१६ मे
उद्या मुलाखत. को-ऑर्डिनेटरने बजावलं, मुलाखत घेणाऱ्या बाईंना एमआरआय, सूज, थांबलेली सलाइन, यातलं काही सांगायचं नाही. त्यांच्या मनात आधीपासून काही नको.
माझ्या मनात आहे त्याचं काय, म्हणून विचारलं. माझ्याऐवजी लेक चालेल का? नाही. शेवटपर्यंत शक्यतो एकच सोबती.

१७ मे
प्रसंग कुठला सांगायचा, यातच रात्र गेली. नातीचा वाढदिवस सांगितला तर हिला केक, फुगे, कोण कोण आलं, सगळं येईल. आठवडाभर फोनवर तेच फोटो बघते आहे. कोणी खोटं म्हणणार नाही.
बाईंनी कागद पुढे ओढला. मी रविवारचा सांगलीचा फोन सांगितला. मेव्हणीचा. माहेरचं घर विकलं. ही तासभर बोलली, फोन ठेवून रडली. संध्याकाळी म्हणाली, पुढच्या वर्षी सांगलीला जाऊ, तुळशीवृंदावन रंगवायला झालंय.
तुळशीवृंदावन बाईंना लिहिता येईना. अंगण लिहा म्हटलं, तेही येईना. शेवटी घर लिहिलं.
मग हिची पाळी. बाहेर आल्यावर विचारलं, काय सांगितलंस? “सांगलीचं घर कसं आहे म्हणून विचारत होती. चांगलं ऐसपैस आहे म्हटलं. या म्हटलं.”

१८ मे
लेक म्हणाली, वाढदिवस का नाही सांगितलात? बेरीज तरी बरी आली असती.
कोणाची?

२ जून
सलाइन झाली. दीड वर्षाचा पेट फेब्रुवारीत. पुढच्या मुलाखतीसाठी २१ सप्टेंबर दिली होती. गणपती घरात. बदलून मागितली. गणपतीत ही एरवीपेक्षा चांगली असते, आकडा फसेल. को-ऑर्डिनेटरला कारण पटलं की नाही कळलं नाही, पण ऑक्टोबरातली तारीख दिली.