पत्ता नसलेले जावक पत्र

सरकारी कचेरीत ज्याने उभी हयात काढली, त्याला पत्राची तीन अंगे तोंडपाठ असतात : प्रति, विषय आणि सोबतची कागदपत्रे. म्हणूनच जितीश कल्लाट या मुंबईच्या चित्रकाराच्या मांडणशिल्पाचे नाव ‘कव्हरिंग लेटर’ आहे हे कळताच आमचे कुतूहल जागे झाले. येथे विषय आहे, सोबतची कागदपत्रेही आहेत. ‘प्रति’ तेवढे कोरे आहे.

२०२० मध्ये मुंबईत मांडल्या गेलेल्या या कलाकृतीचे मूळ १९७७ मधले. त्या वर्षी अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी होती. तिच्यातील शंभरांहून अधिक चित्रे कल्लाटांनी मंदावणाऱ्या-उजळणाऱ्या प्रकाशात ओळीने मांडली, ५५ भाषांतील अभिवादने ऐकवली आणि प्रेक्षकांच्या बाकाला प्रलयघड्याळाच्या काट्यांचा आकार दिला. विनाश किती जवळ आला आहे, हे अमेरिकेतील अणुशास्त्रज्ञ १९४७ पासून या घड्याळावर दाखवीत आले आहेत. तबकडीत युद्ध नाही, दारिद्र्य नाही. ती हेतुपुरस्सर वगळलेली. पाहायचे ते असावे तसे जग, आणि बसायचे ते विनाशाच्या काट्यांवर!

धारवाडकरांना या तबकडीशी नाते जोडण्यासाठी लांब जावे लागत नाही. तीत गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ. आणि खाँसाहेबांचेच पुत्र मंजी खाँ व भुर्जी खाँ हे आमच्या मल्लिकार्जुन मन्सूरांचे गुरू. शिवाय त्या ५५ भाषांत मराठी आहे, तशी कन्नडही आहे.

१९५६ साली धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. घरी मराठी आणि कचेरीत कन्नड असा संसार आमच्या पिढीने केला. ‘तुम्ही नक्की कुणाचे?’ हा प्रश्न दोन्हीकडून ऐकला. तबकडीवरचा मराठी आवाज पृथ्वीवरील लोकांच्या वतीने शुभेच्छा देतो, कन्नड आवाज कन्नडभाषकांच्या वतीने. दूरच्या श्रोत्याला, तो असलाच तर, हा भेद उमगणार नाही. आम्हांला तो उमगतो आणि दोन्ही म्हणणी आपलीच वाटतात. माणसाला विश्व हवे असते, तसे गावही.

व्हॉयेजर-१ आता २४ अब्ज किलोमीटरांहून दूर गेले आहे. तेथून पोच येईल, ही आशा फोल होय. परंतु कल्लाटांनी ते पत्र पुन्हा आपल्याच आवकेत आणून ठेवले आहे. ‘प्रति’ची कोरी जागा आता आपल्याच नावाने भरावी लागेल, आणि उत्तरही आपणच द्यावे लागेल.