तेवीस किलो

सहा वर्षांचा संसार तेवीस किलोंत कसा बसवायचा? २०१९ च्या जून महिन्यात माझ्या धाकट्या भावापुढे हाच प्रश्न होता. तो चीनमधल्या नानजिंग शहरात डॉक्टरकी शिकायला होता. शेवटची परीक्षा झाली, पदवी हातात पडली आणि परतीच्या विमानाचं तिकीटही निघालं, पण ते बीजिंगहून. सोबत न्यायला एकच मोठी बॅग, तेवीस किलोंची. मधे अठरा दिवस मोकळे होते.

"ताई, इतकी वर्षं राहिलो, पण कॉलेज आणि हॉस्पिटल सोडून काही पाहिलंच नाही," तो फोनवर म्हणाला. "आता रेल्वेने फिरत फिरत बीजिंग गाठतो."

त्या अठरा दिवसांची हकिगत मला रोज रात्री फोनवर कळत होती. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आमच्याकडे जेवणं आटोपून नऊ वाजले, की तिकडे साडेअकरा झालेले असायचे. आणि गंमत बघा, एवढा अवाढव्य देश, पण घड्याळ सगळीकडे एकच! पश्चिम टोकाला सूर्य दोन तास उशिरा उगवला, तरी तिथेही वेळ बीजिंगचीच.

आधी सामानाची वाटणी झाली. जाडजूड पुस्तकं धाकट्या वर्गातल्या मुलांना गेली. प्रेशर कुकरही त्यांनाच. तिथल्या भारतीय मुलांत कुकर हा वारशाने मिळतो बरं का! याला जो मिळाला होता, त्याची शिटी याच्याही आधीच्या कुणीतरी दुरुस्त केलेली होती. एका मुलाने पलंगावरची सोलापुरी चादर मागितली. ती मात्र याने दिली नाही. आमचं गाव सोलापूरजवळ. निघताना आईने ती बॅगेत कोंबली होती. एकटी चादरच दीड किलो भरायची.

निघताना तो आयीचा निरोप घेऊन आला. आयी म्हणजे होस्टेलच्या दारातल्या खोलीत बसणारी, किल्ल्या सांभाळणारी बाई. चिनी भाषेत आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला 'आयी' म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. पहिल्या वर्षी याने फोनवर "आयीने आज मला सफरचंद दिलं" असं सांगितलं, तेव्हा आमची आई दोन दिवस गप्प होती. नंतर उलगडा झाला!

नानजिंगहून शिआनला जायला त्याने मुद्दाम रात्रीची साधी गाडी घेतली. चीनमध्ये तासाला तीनशे किलोमीटर धावणाऱ्या गाड्या आहेत, पण त्यांत माणसं एकमेकांशी बोलत नाहीत असं त्याचं म्हणणं. साध्या गाडीत आपल्या थ्री-टियरसारख्या समोरासमोर तीन-तीन फळ्या. सगळ्यांत वरची सगळ्यांत स्वस्त, म्हणून ती याची. प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा बंब असतो. चिनी माणूस गार पाण्याला हात लावत नाही, उन्हाळ्यातसुद्धा! जो तो आपला थर्मास घेऊन बंबाशी जातो. कुणी चहाची पानं टाकतो, कुणी शेवयांच्या वाटीत पाणी ओततो. दहाच्या सुमारास डब्यातले दिवे आपोआप मालवले गेले आणि सगळे गुडूप.

शिआन म्हणजे जुनं चांगआन, कितीतरी राजघराण्यांची राजधानी. शहराभोवतीचा तट अजून उभा आहे, जवळजवळ चौदा किलोमीटरचा. तो इतका रुंद, की वर भाड्याची सायकल मिळते. भावाने भर उन्हात पूर्ण फेरी मारली आणि संध्याकाळी पाय धरून बसला. शहराबाहेर मातीच्या सैनिकांची फौज आहे. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ती सापडली. चीनच्या पहिल्या सम्राटाने आपल्या थडग्याजवळ पुरून ठेवलेले हे हजारो सैनिक. त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील, म्हणून मी त्यांच्याबद्दल लिहीत बसत नाही.

मला आवडलं ते जेवण. तिथल्या मुसलमान वस्तीत 'पाओमो' नावाचा प्रकार मिळतो. दुकानदार तुमच्यापुढे एक रिकामा वाडगा आणि जाड, घट्ट रोट्या आणून ठेवतो आणि निघून जातो. रोटी आपण आपल्या हाताने बारीक कुस्करायची. मग तो वाडगा आत नेतो आणि मटणाचा रस्सा घालून परत आणतो. "अगं ताई, हा तर आपला कुस्करा!" भाऊ ओरडलाच. भाकरी कुस्करण्यात त्याचा हात बसलेला. पण शेजारचे आजोबा त्याचे तुकडे पाहून नाक मुरडून म्हणाले, "फार मोठे!" आणि त्यांनी आपले दाखवले. डाळीएवढे बारीक! याला पुन्हा बसून कुस्करावं लागलं.

शिआनमध्येच एक सात मजली पॅगोडा आहे. इतिहासाच्या पुस्तकात तुम्हाला युआन श्वांग भेटला आहे ना? जुन्या पुस्तकांत त्याला ह्युएनत्संग म्हणत. सम्राटाची परवानगी नसताना गुपचूप देश सोडून तो भारतात आला, नालंदाला शिकला. आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं आहे! इ.स. ६४५ मध्ये तो चांगआनला परतला, तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. ते वाहायला वीस घोडे लागले. ते ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ साली हा पॅगोडा बांधायला घेतला.

"वीस घोडे!" भाऊ म्हणाला. "आणि मला तेवीस किलो."

पण युआन श्वांगचंही सामान हरवलं होतं. सिंधू नदी ओलांडताना तो स्वतः हत्तीवर होता आणि पोथ्या नावेत. वादळात नाव हेलकावली, काही पोथ्या आणि भारतातल्या फुलांचं जमवलेलं बियाणं पाण्यात गेलं. घरी पोचून कितीतरी वर्षं झाल्यावरही त्याने भारतातल्या भिक्षूंना पत्र लिहून हरवलेल्या ग्रंथांची यादी पाठवली आणि ते पाठवा म्हणून विनंती केली.

मधली दोन गावं मी सोडून देते. भाऊ शिजियाझुआंगला उतरला. पाहण्यासारखं काय म्हणाल तर प्रवासी लोक त्या शहरात सहसा थांबत नाहीत. हा थांबला तो डॉक्टर कोटणीसांसाठी.

द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. १९१० चा जन्म. जपानने चीनवर हल्ला केला, तेव्हा १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर जखमींच्या मदतीला गेले, त्यांतले ते एक. ते चिनी भाषा शिकले, शस्त्रक्रिया केल्या, विद्यार्थ्यांना शिकवलं. पेशंटला चिनीत "नाली थोंग?", म्हणजे "कुठे दुखतंय?", विचारायला माझ्या भावाला वर्ष लागलं होतं, आणि उत्तर समजायला आणखी एक. कोटणीस तर शस्त्रक्रियेचं पुस्तक चिनी विद्यार्थ्यांसाठी लिहीत होते. १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचंही नव्हतं, तेव्हा ९ डिसेंबर १९४२ रोजी फेफऱ्याच्या आजाराने कोटणीस गेले. वय अवघं बत्तीस. शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आणि पुतळा आहे.

भाऊ तिथे उभा होता, तेव्हा नातीला घेऊन आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "कुठला?" "भारताचा. यांच्याच गावाजवळचा." आजोबांनी नातीला हाक मारली, "इकडे ये, हा ख दाईफूंच्या गावचा!" दाईफू म्हणजे डॉक्टर आणि ख हे कोटणीसांचं चिनी नाव. ती चिमुरडी पुतळ्याकडे पाहायची, मग याच्याकडे. जणू चेहरा जुळतोय का ते बघत होती.

त्या रात्री फोनवर भाऊ आधी नीट बोलेना. मग म्हणाला, "ताई, कोटणीस चीनमध्ये आले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे वडील गेले. त्यांना बातमी कळली. परत जाता आलं असतं, पण ते पुढे येनानला गेले. निदान त्यांना कळवलं तरी होतं."

मी काहीच बोलले नाही. तो म्हणाला, "आजी गेली, तेव्हा मला सांगायला नऊ दिवस का लावलेत?"

२०१७ चा जानेवारी होता. आईबाबा लगेच सांगू म्हणत होते. नको म्हणाले ती मी. शाळेत मुलांना लपवाछपवी करू नका म्हणून रोज बजावणारी मी!

"परीक्षा होती तुझी," मी म्हटलं.

"होती. पास झालो ना मी."

मग त्याने सांगितलं. बातमी कळली त्या रात्री खोलीत बसवेना म्हणून तो खाली आला. नानजिंगला थंडी कडक, पण उत्तरेकडच्या शहरांसारखी घरं गरम ठेवायची सोय तिथे नाही. आयी आपल्या खोलीत छोटासा हीटर लावून बसली होती. याला नीट सांगताही येईना. तिने हीटर याच्याकडे वळवला, पेल्यात गरम पाणी ओतलं आणि पहाटेपर्यंत बसून राहिली. हे त्याने अडीच वर्षांत आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

"चुकलंच माझं," मी म्हटलं. तो "हं" म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रात्री नऊला फोनकडे बघत बसले होते. वाजला! बीजिंगचं अंतर सुमारे २८० किलोमीटर, वेगवान गाडीने सव्वा तासात संपलं होतं. त्याला मोठी भिंत चढून यायची होती. पायऱ्या इतक्या उंच की कुठे कुठे हात टेकावे लागतात, एवढंच त्याने तिच्याबद्दल नंतर सांगितलं.

घरी आला, तेव्हा आईने लगेच बॅग उघडली. चहाचे डबे, आपल्या बाबांसाठी थर्मास, पदवीचा कागद, पिशवीभर सुकी बोरं. आईने सगळं पलंगावर मांडलं, बॅग झटकली, पुन्हा आत हात घातला.

"चादर कुठाय रे?"

"आयीला दिली."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला हीटरची गोष्ट सांगितली. आई पलंगावर टेकली. बराच वेळ त्या रिकाम्या बॅगेची चेन लावत, काढत राहिली.

"एकच होती ना तुझ्याकडे," ती म्हणाली. "घरात तिची मुलंबाळं असतील. पाठवता येते का रे इथून आणखी एक?"