सुरुंगशोधक

वडिलोपार्जित वस्तूंचे दोन वर्ग सहज पाडतां येतात. दागिने, भांडीं, जमीन यांचें मोल सर्वांस ठाऊक असतें; म्हणून त्यांच्या वांटण्या होतात व प्रसंगीं भांडणेंहि होतात. ज्यांचा उपयोगच कोणास कळत नाहीं, त्या वस्तु मात्र ज्याच्या घरीं जागा असेल त्याच्या पदरीं पडतात. आमच्याकडे आलेलें आजोबांचें यंत्र या दुसऱ्या वर्गांतलें. लांब दांडा, त्याच्या टोकाशीं एक चपटी फळी, खांद्यास अडकवावयाची पेटी व कानांस लावावयाचे हेडफोन. दुसऱ्या महायुद्धानंतर आजोबांनीं तें पुण्याच्या जुन्या बाजारांतून आणलें. घरांत त्यास ‘गुप्तधनाचें यंत्र’ म्हणत, आणि त्या नांवाबरोबर आजोबांच्या द्रव्यलोभाची एक दंतकथाहि आमच्या कुळांत चालत आली होती.

यंत्राची ओळख पटवावी असें आम्हीं ठरविलें, तें या दंतकथेमुळेंच. धातुशोधनाचा इतिहास फार जुना नाहीं. इ. स. १८८१ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांत रुतलेली गोळी शोधण्यासाठीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं असें एक यंत्र सिद्ध केलें. पण गोळी सांपडली नाहीं व अध्यक्षहि वांचले नाहींत. पुढें १९३७ मध्यें गेरहार्ड फिशर यांस अशा यंत्राचें अमेरिकन पेटंट मिळालें. आमचें यंत्र या नागरी जातीचें असावें काय? पेटीवरील मळाचा थर हलक्या हातानें पुसतां बाणाच्या फाळासारखी खूण दिसूं लागली. ही ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेची खूण होय. अर्थात् यंत्र लष्करी. आणि लष्करास जमिनींत सोनें नव्हे, सुरुंग शोधावयाचे असतात.

त्या युद्धांतलें प्रसिद्ध सुरुंगशोधक यंत्र पोलंडचे लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनीं स्कॉटलंडांत तयार केलें. त्यांत तारेचीं दोन वेटोळीं असतात. एकांत विजेचीं आंदोलनें चालतात. दुसरें हेडफोनाशीं जोडलेलें असतें. धातु जवळ आला कीं दोहोंचा तोल ढळतो व कानांत सूर उमटतो. १९४२ च्या ऑक्टोबरांत एल अलामीनच्या लढाईंत अशीं सुमारें ५०० यंत्रें कामास आलीं. तत्पूर्वींचें काम किती बिकट होतें याची कल्पना प्रेमिंद्रसिंग भगत यांच्या पराक्रमावरून येते. १९४१ च्या आरंभीं ॲबिसीनियांत त्यांनीं चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरील १५ सुरुंगक्षेत्रें हुडकून साफ करविलीं. त्यांचें वाहन दोनदां उडालें. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचें पथक खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचें होतें.

खडकीचें नांव वाचतांच आम्ही थबकलों. आजोबांस सैन्यांतून निरोप मिळाल्याच्या कागदावरहि हेंच नांव आहे. मग जुन्या गोष्टींचा अर्थ लागूं लागला. ज्यांस गुप्तधनाचें वेड होतें म्हणतात, त्या आजोबांनीं परसांत कधीं कुदळहि मारली नव्हती. यंत्र वर्षांतून एकदांच, खंडेनवमीस, खालीं निघे. तें पुसून, हळदकुंकू वाहून विळाकोयत्याशेजारीं ठेवीत. द्रव्याचें साधन असतें तर लक्ष्मीपूजनास निघालें असतें! युद्धाविषयीं त्यांनीं घरांत अवाक्षर काढलें नाहीं. आणि त्यांच्या मौनाच्या जागीं इतरांनीं लोभ ठेवून दिला.

नुकतेंच एका परिचितांनीं आपल्या जुन्या वाड्याच्या तळघरासाठीं यंत्र मागितलें. वर चांगली किंमतहि देऊं केली. जमिनींत दहा रुपयांहून अधिक मोलाचें कांहीं सांपडल्यास १८७८ च्या कायद्यानें कलेक्टरांस कळवावें लागतें, असें आम्हीं सांगतांच त्यांचा निम्मा उत्साह मावळला. यंत्राचे व्हॉल्व्ह निकामी आहेत हें ऐकून उरलेलाहि गेला. विकण्याचा विचार मात्र आमच्या मनास शिवला नाहीं. मागून येणाऱ्यांचा पाय निर्धास्त पडावा म्हणून पुढें चालणाऱ्यांचें हें हत्यार. आतां त्याच्या दांड्यास एक चिठ्ठी बांधली आहे. तीवर आजोबांचें नांव, पलटणीचें नांव आणि ‘सुरुंगशोधक’ एवढा एकच शब्द आहे. घरांतलीं मुलें यंत्रास आतां त्याच नांवानें ओळखतात.