धक्का मारा, पण खांद्याने!

शाळेत कधी कबड्डी खेळला असाल, तर रोलर डर्बी समजायला पाच मिनिटं पुरतात. नसाल खेळला, तर दहा! फरक एवढाच की, इथे पायात चार चाकांचे स्केट्स असतात, मातीच्या मैदानाऐवजी लंबगोल ट्रॅक असतो आणि ‘कबड्डी कबड्डी’च्या जागी कानठळ्या बसवणारं रॉक म्युझिक.

गेल्या वर्षी टेक्सासमधल्या ऑस्टिनला मावसबहिणीकडे गेले होते. निमित्त फिरण्याचं; पण मावशीने निघताना हळूच एक काम सोपवलं होतं. ‘‘ती कसला तरी मारामारीचा खेळ शिकतेय म्हणे. चांगली आयटीतली नोकरी आहे, उद्या हातपाय मोडून घेतले म्हणजे? तुझं ऐकते ती. जरा समजाव.’’ तर अशा सीक्रेट मिशनवर मी शनिवारी संध्याकाळी एका मोठ्या हॉलमध्ये दाखल झाले.

एकदम फुल टू माहौल! कडेवर पोरं घेतलेले बाबा, टॅटूवाल्या आज्या, हातात बिअरचे ग्लास. ट्रॅकला लागून जमिनीवर बसायचीही सोय होती. पण कधी एखादी खेळाडू थेट मांडीवर येऊन आदळेल याचा नेम नाही, असं कळल्यावर मी गुपचूप मागची खुर्ची पकडली.

खेळाचा फंडा असा. प्रत्येक टीमच्या पाच जणी ट्रॅकवर. चार ब्लॉकर्स आणि हेल्मेटवर चांदणी लावलेली एक जॅमर. ही जॅमर म्हणजे आपली चढाईवाली! समोरच्या भिंतीतून तिने एकदा वाट काढायची. दुसऱ्या फेरीपासून मागे टाकलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्धी ब्लॉकरमागे एक गुण. एक डाव जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. पण नियमात राहून आधी बाहेर पडलेली जॅमर कंबरेवर हात थोपटून डाव मध्येच थांबवू शकते. म्हणजे ताकदीइतकंच डोकंही हवं. खांदा मारा, कंबर मारा; कोपर मारलंत किंवा पाठीत ढकललंत तर तीस सेकंद पेनल्टी बॉक्समध्ये. अशा सात पेनल्टी झाल्या की मॅचमधून बाहेर.

त्या बॉक्सशेजारी स्टॉपवॉच घेऊन आमच्या बाईसाहेब! तिचं ट्रेनिंग अजून चालू होतं, म्हणून त्या दिवशी व्हॉलंटियर. हा खेळ असाच चालतो. पगार नाही, उलट खेळाडूच खिशातून वर्गणी भरतात. दिवसा कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी अकाउंटंट.

पूर्वी असं नव्हतं. १९३५ साली शिकागोत लिओ सेल्टझर नावाच्या प्रमोटरने हा तमाशा सुरू केला, तेव्हा ती चाकांवरची मॅरेथॉन होती. टकरी बघायला लोक जास्त येतात म्हटल्यावर टकरी हाच खेळ झाला. टीव्हीवर गाजला आणि १९७३ मध्ये गुंडाळलाही गेला. पुन्हा जन्मला तो २००१ मध्ये, याच ऑस्टिनमध्ये. यावेळी बायकांनी तो स्वतःच्या हातात घेतला. टीम त्यांच्या, नियम त्यांचे, तिकीटविक्रीही त्यांचीच. ड्र्यू बॅरीमोरने २००९ मध्ये यावरच ‘व्हिप इट’ हा सिनेमा काढला.

दुसऱ्या हाफमध्ये एक जॅमर जोरात आपटली आणि उठलीच नाही. म्युझिक बंद. दोन्ही टीमच्या सगळ्या खेळाडू जिथे होत्या तिथे एका गुडघ्यावर बसल्या. हॉलभर शांतता. माझ्या पोटात गोळा आला. मावशीचं म्हणणं तेव्हा शंभर टक्के पटलं. मिनिटाभराने ती उठली, लंगडत बाहेर गेली आणि सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला.

मॅचनंतर मी मुद्द्यावर आले. ‘‘तुला भीती नाही वाटत?’’

‘‘वाटते ना. पण इथे पहिल्या दिवशी काय शिकवलं माहितीये? पडायला! गुडघ्यांच्या पॅडवर पडायचं, अंग आवरून घ्यायचं आणि बोटं मुठीत, नाहीतर कुणाचं तरी चाक जायचं त्यांच्यावरून. लहानपणापासून सगळे ‘जपून, जपून’ म्हणत आले. पड आणि तीन सेकंदांत उठ, असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं.’’

मी गप्प! बॉस, ऑफिसात आपलं दुसरं काय चालतं? मीटिंगमध्ये अंग चोरून बसायचं, वाट अडवली तर ‘सॉरी’ आपणच म्हणायचं. मी तरी तेच करत आलेय. आणि ही शनिवारी संध्याकाळी खांदा लावून जागा करून घ्यायला शिकत होती, पडण्याचा खर्च हिशेबात धरून. तिला समजावण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.

डर्बीत बऱ्याच जणी एक टोपणनाव घेतात, बहुतेक वेळा एखादी भन्नाट कोटी. हिने निवडलंय ‘ठेचा’. टीममधल्या पोरी ‘थेचा’ म्हणतात.

परत आल्यावर मावशीला सगळं सांगितलं. ती जॅमर पडली तेसुद्धा, लपवलं काहीच नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘थेचा काय, थेचा? आधी त्या पोरींना ‘ठ’ म्हणायला शिकव म्हणावं. आणि गुडघ्याचे ते पॅड चांगल्यातले घ्यायला सांग.’’