आधी बसणं, मग गिअर

माझ्या जुन्या सायकलचं हॅन्डल सरळ होतं. गिअर अंगठ्याने बदलायचे आणि आपण कितव्या गिअरवर आहोत ते शिफ्टरवरच्या काट्यावर दिसायचं. नवी घेतली ती वाकड्या हॅन्डलची रोड बाइक. हिच्यावर ना आकडे, ना काटा. ब्रेकचा दांडा तोच गिअरचा दांडा. आपल्याकडे ओढला की ब्रेक, आतल्या बाजूला ढकलला की गिअर. त्याच्यामागे एक छोटा दांडा असतो, तो गिअर उलट दिशेने नेतो. पूर्वी शर्यतीतल्या सायकलस्वारालाही गिअर बदलण्यासाठी एक हात हॅन्डलवरून काढून फ्रेमच्या खालच्या दांडीपर्यंत न्यावा लागे. शिमानो या जपानी कंपनीने १९९० मध्ये ब्रेक आणि गिअर असे एकत्र आणले, आणि आता ही सोय साध्या रोड बाइकवरही मिळते.

सोय खरी, पण डोक्याला ताप. उजव्या हाताकडे मागची आठ चक्रं, डाव्या हाताकडे पुढची दोन. दोन्हीकडे मोठा दांडा साखळीला मोठ्या चक्रावर नेतो. पण मागचं चक्र मोठं झालं की पायडल हलकं होतं आणि पुढचं मोठं झालं की जड. म्हणजे दोन्ही हातांनी तेच करायचं आणि पायांना मात्र उलटसुलट उत्तर मिळायचं. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या निवासी विभागातले रस्ते पहाटे मोकळे असतात, तिथे मी घोकंपट्टी केली. घरडा सर्कलपर्यंत सगळं जमायचं. कल्याण-शीळ रस्त्याला लागलं, मागे कंटेनर आला, पुढे सिग्नल पडला, की हात गोठायचे. मग सिग्नल सुटल्यावर जड गिअरवर उभं राहून सायकल ढकलायची.

त्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. ‘सवय होईल’ असं सगळेच सांगत होते. एकदा कल्याणच्या गांधारी पुलावरून बापगावच्या दिशेने गेले, रस्ता सपाट, गर्दी कमी, तरीही बोटं बधिर आणि गिअर बदलताना हॅन्डल डुगडुगलेलं. मग गर्दीला दोष देता येईना.

ठाण्यातल्या एका जुन्या मेकॅनिककाकांनी सायकलकडे न बघता आधी मला सायकलवर बसवलं. “ताई, हात एवढे ताठ कशाला? कोपर सैल सोडा.” सोडलं, तर बोटं दांड्यापर्यंत पोचेनात. “मग गिअर काय चुकीचे पडतायत? तुम्ही हॅन्डलला लटकलाय.”

सीट उंच होती, त्यामुळे मी पुढे घसरत होते आणि अंगाचा भार तळहातांवर येत होता. हॅन्डल लांब पडत होतं, म्हणून कोपरं ताठ. भार पेलणारा हात दांडा ढकलायला गेला की पकड सुटणार आणि हॅन्डल हलणारच. काकांनी टाच पायडलवर ठेवायला लावून पाय अगदी खाली नेला. त्या वेळी गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, म्हणजे पंजा ठेवून चालवताना तो आपोआप थोडा वाकतो. त्या मापाने सीट खाली आली. हॅन्डलला फ्रेमशी जोडणारा १०० मिलिमीटरचा स्टेम काढून ८० चा बसवला. शेवटी ब्रेकच्या दांड्यातला छोटा स्क्रू फिरवून दांडा माझ्या आखूड बोटांजवळ आणला. असा स्क्रू असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

लगेच ठाण्यातल्याच येऊरच्या चढावर गेले. उपवन तलावापासून वन खात्याच्या चौकीकडे रस्ता चढायला लागतो आणि वळणांवर चढ अचानक वाढतो. माझ्या सायकलवर सर्वांत हलक्या गिअरला पायडलच्या एका फेरीत चाक जेमतेम सव्वादोन मीटर पुढे जातं, सर्वांत जड गिअरला साडेनऊ मीटरच्याही वर. हा फरक पायांना येऊरलाच कळला. चढ दिसताच, पाय अजून मोकळे फिरत असताना, गिअर हलका करायचा. पुढचं चक्र बदलताना पायडलवरचा जोर क्षणभर कमी करायचा, नाहीतर साखळी कुरकुरते किंवा उतरते. हात हलके झाले होते, त्यामुळे हे सगळं बोटांनी नुसत्या टिचकीने केलं. आकडे बघायची गरजच पडली नाही, पायडल जड की हलकं एवढं पायांना कळलं की पुरे.

पुढे काही आठवड्यांनी मागचे गिअर अडखळू लागले. नवी केबल आणि तिचं आवरण वापराने बसतं, थोडी ढील येते. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या डिरेलरजवळची गोल चकती थोडी फिरवली की ताण परत येतो. यात सायकलचा दोष नसतो.

रोड बाइक नवी घेणार असाल तर दुकानातून निघण्याआधी सीटची उंची, स्टेमची लांबी आणि दांड्याचं बोटांपासूनचं अंतर बघून घ्या. महिन्याभराने केबल ताणून घ्यायला परत जा. शिफ्टर चांगले की वाईट, याचा निकाल त्यानंतर लावा.