डबीची मागची बाजू

मराठीतील 'बनावट' हा शब्द मोठा विलक्षण आहे. एखाद्या दागिन्याची बनावट सुबक आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो शब्द कारागिराच्या कौशल्याचा गौरव करतो. आणि तोच शब्द विशेषण होऊन 'बनावट नोट', 'बनावट सही', 'बनावट औषध' असा समोर आला, की त्याच कौशल्याची भीती वाटू लागते. वस्तू बनवणे आणि माणसाला बनवणे या दोन्ही क्रियांना आपल्या भाषेने एकच क्रियापद दिले आहे. या दोन क्रियांमधील अंतर किती थोडे आहे याचा प्रत्यय घ्यायचा असेल, तर फार दूर जावे लागत नाही. आपल्या आरशासमोर मांडलेल्या वस्तू पाहिल्या तरी पुरे. चेहऱ्याला लावायचे मलम, ओठांचा रंग, काजळ, अत्तर, मेंदी या वस्तूंची जेवढी हुबेहूब नक्कल बाजारात मिळते, तेवढी क्वचितच इतर वस्तूंची मिळत असेल.

माझ्या आईची एक लाकडी फणेरपेटी होती. झाकणाला आतून आरसा, खाली कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, फणी आणि काजळाची डबी. कुंकू हळदीचे, शेजारच्या आजींनी केलेले. काजळ तुपाच्या दिव्यावर घरीच धरलेले. जुने ते सारेच निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. शेंदरात शिसे असते, आणि ते शरीराला घातक असते, हे त्या काळी घरात कोणाला ठाऊक नव्हते. परंतु त्या पेटीतील प्रत्येक वस्तू कोणाच्या हातची आहे, हे मात्र आई सांगू शकत असे. आज करणारा हात आणि लावणारा चेहरा यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर पडले आहे. ते अंतर जोडणारी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे डबीवरचे नाव. नावावर आपण विश्वास टाकतो आणि पैसे मोजतो. नक्कल करणारा हेच नाव उचलतो. वरवर पाहता तो एका कंपनीचे नुकसान करीत असतो; प्रत्यक्षात तो आपल्या विश्वासाची चोरी करीत असतो.

'नटण्यामुरडण्याचा सोस असणाऱ्यांनाच ही झळ लागते. आपल्याला काय त्याचे?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हा विचार पटत नाही. नीटनेटके दिसावे ही इच्छा माणसाइतकीच जुनी आहे, आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. शिवाय आज अनेकींच्या बाबतीत तो हौसेचा भाग राहिलेला नाही. दुकानात, कार्यालयात, रुग्णालयाच्या स्वागतकक्षात काम मागायला जाणाऱ्या मुलीला तिचा चेहरा आधी पाहिला जातो आणि प्रमाणपत्र नंतर, हे माहीत असते. लग्नाच्या जाहिरातींत अजूनही 'गोरी' हे विशेषण गुणांच्या यादीत अग्रभागी असते. ज्या समाजाने आपल्या विठ्ठलाला प्रेमाने 'सावळा' म्हटले, त्याच समाजाने आपल्या लेकींना मात्र सावळेपणाचे ओझे वाटावे अशी स्थिती आणली आहे. या ओझ्यातूनच अर्ध्या किमतीच्या डबीकडे हात जातो. श्रीमंताला अस्सल वस्तू परवडते आणि अगदी गरिबाला कोणतीच परवडत नाही. फसतो तो दोघांच्या मधला, काटकसर करून चार पैसे बाजूला टाकणारा माणूस.

काही वर्षांपूर्वी मुक्त शाळेच्या एका अभ्यासकेंद्रात मी रविवारी मराठी शिकवायला जात असे. वर्गात पस्तिशीच्या एक बाई होत्या. चार घरचा स्वयंपाक करून त्या दहावीची तयारी करीत होत्या. एका रविवारी त्या ओढणीने चेहरा झाकून आल्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी ओढणी दूर केली, तेव्हा दोन्ही गाल लालभडक झालेले, कातडी पातळ होऊन तिच्यातून शिरा दिसू लागलेल्या. आठवडी बाजारातून त्यांनी एका नामांकित मलमाची डबी निम्म्या किमतीत घेतली होती. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला, की शेजारणींनी नाव विचारून तीच डबी आणली. पुढे उन्हात जाताच आग होऊ लागली, पुरळ उठले. मलम बंद केले तर त्रास दुप्पट झाला. सरकारी रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, की या मलमात बहुधा तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असावे.

डबी त्यांच्या पिशवीत होती. मी भिंग घेऊन पाहिले. कंपनीच्या नावात एक अक्षर निराळे होते. घटकद्रव्यांची यादी नव्हती, तुकडी क्रमांक नव्हता, आणि उत्पादकाच्या पत्त्याच्या जागी केवळ 'भारत' एवढा एकच शब्द होता. बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, पुढचं नाव तर मी नीट वाचलं होतं. मागचं कोण वाचतं?"

त्या प्रश्नाने मला बराच काळ विचारात टाकले. बाईंचे काही चुकले होते असे मला वाटत नाही. ज्या बाजूला मोठी अक्षरे आणि सुंदर चित्र असते ती पाहण्यासाठीच केलेली असते. मागची अक्षरे मुंगीएवढी, बहुधा इंग्रजीत आणि चकाकत्या कागदावर छापलेली असतात. ती वाचली जावीत अशी जणू कोणाची इच्छाच नसते. नक्कल करणाऱ्याचा सारा व्यवसाय या न वाचलेल्या बाजूवर चालतो.

अशा वस्तू 'गुण देत नाहीत' असे आपण समजतो. खरा धोका याच्या उलट आहे: त्या गुण देतात, आणि फार लवकर देतात. स्टिरॉइडचे मलम हे एक औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या रोगावर, ठरलेले दिवस वापरले तर ते उपकारक असते. रोज चेहऱ्याला चोळले तर मात्र कातडी पातळ होते, नको तेथे लव वाढते आणि मलम सोडताच चेहरा पेटतो. या गैरवापरामुळेच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. बनावट डबीवर मात्र स्टिरॉइडचे नावच नसते. मग चिठ्ठी कोण मागणार?

दुसरे द्रव्य याहून भयंकर आहे, ते म्हणजे पारा. आपल्या त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्यासाठी शरीरातील एका विकराची गरज असते. पाऱ्याचे क्षार त्या विकराचे काम रोखतात, त्यामुळे कातडी उजळते. पण पारा कातडीवर थांबत नाही. तो आत झिरपतो, रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो. गर्भवतीच्या पोटातील बाळापर्यंत तो पोहोचतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील एका रुग्णालयातील डॉक्टरांना जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आढळले. या विकारात मूत्रपिंडाची गाळणी बिघडते, प्रथिने लघवीवाटे वाहून जातात, लघवीला फेस येतो, पाय आणि चेहरा सुजतो. त्यांपैकी १५ जणांमध्ये विकाराचा एक दुर्मीळ प्रकार दिसला. आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे करणारी मलमे वापरल्याचे सांगितले. मलम थांबवल्यावर बहुतेकांचा विकार ओसरला, ही त्यातील दिलासा देणारी बाब. गाल उजळवण्यासाठी लावलेले बोटभर मलम मूत्रपिंडापर्यंत जाते, हे कोणाच्या ध्यानीमनी तरी असेल काय?

'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही आपल्याकडील म्हण येथे अपुरी पडते. येथे जे दिसते ते खरोखरच असते. गाल खरोखरच उजळलेला असतो. म्हणूनच फसलेली व्यक्ती त्या वस्तूची स्तुती करते, मैत्रिणीला डबी आणून देते आणि नकळत विक्रेत्याची विनावेतन जाहिरातदार होते. अपाय उशिरा येतो, आणि तोपर्यंत डबी रिकामी होऊन फेकलेली असते.

कायदा याबाबत मुका आहे असे मुळीच नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० या कायद्यात बनावट प्रसाधनाची स्पष्ट व्याख्या आहे. दुसऱ्याचे नाव लावणे, दुसऱ्या वस्तूसारखी फसवी नक्कल करणे, अस्तित्वात नसलेल्या कंपनीचे नाव छापणे हे सारे तिच्यात येते. अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि किमान ५०,००० रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा दंड सांगितलेला आहे. प्रसाधनांत पारा घालण्यास मनाई आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१८ पासून सहभागी आहे, आणि पारा मिसळलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचा निर्णय त्या करारातील देशांनी २०२३ मध्ये घेतला. परंतु कायदा कितीही जागरूक असला, तरी प्रत्येक हातगाडीपाशी निरीक्षक उभा करता येत नाही. हातगाडीपाशी उभे असतो ते आपण.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे डबी उलटी करावी. इंग्रजी येत नसले तरी आकडे आणि तारखा ओळखता येतात. उत्पादकाचे नाव व संपूर्ण पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, तुकडी क्रमांक, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, घटकद्रव्ये आणि छापील किंमत एवढे पाहावे. वस्तू परदेशी असेल, तर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक शोधावा. घटकद्रव्यांत 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' हे शब्द दिसले, तर ती वस्तू तेथेच ठेवावी. काही डब्यांवर 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये' अशी सूचना असते. ती आत पारा असल्याची खूण असू शकते. दागिन्याला जपायला सांगणारी आणि गालाला लावायला सांगणारी डबी आपल्याला नेमके काय समजते, हे तेवढ्यावरून कळून येते.

ही मागची बाजूही नकली असू शकते, हे मान्य केले पाहिजे. ज्याने नाव चोरले तो क्रमांक का चोरणार नाही? म्हणून दुकानदाराकडून पावती घ्यावी. पावती म्हणजे पत्ता, आणि जेथे पत्ता आहे तेथे जाब विचारता येतो. छापील किमतीच्या निम्म्यात वस्तू मिळत असेल, तर उरलेली निम्मी किंमत कोण भरणार आहे, हा प्रश्न स्वतःला विचारावा. आणखी एक साधी गोष्ट आहे. अस्सल अत्तराच्या व मलमाच्या रिकाम्या बाटल्या भंगारातून गोळा करून त्यांत नकली माल भरला जातो. त्यासाठी बाटली भंगारात देण्यापूर्वी तिच्यावरचा कागद फाडून टाकावा आणि खोका चुरगाळावा. आपल्या घरातील अस्सल बाटली दुसऱ्याच्या घरातील नकली बाटली होऊ नये, एवढी काळजी तर आपण घेऊ शकतो.

आणि फसवणूक झालीच, तर चेहरा झाकू नये. बनावट प्रसाधनांच्या व्यापाराला सर्वांत मोठे संरक्षण कोणाचे असेल, तर ते आपल्या संकोचाचे. चोरी झाली की आपण पोलिसांकडे जातो. पण मलमाने गाल भाजला की 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसतो. जणू गुन्हा विकणाऱ्याचा नसून नटणाऱ्याचा आहे! डबी फेकून न देता डॉक्टरांना दाखवावी, कारण उपचारासाठी आत काय होते हे कळणे आवश्यक असते. राज्याच्या औषध नियंत्रण खात्याकडे तक्रार करावी; महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक देशात कोठूनही लावता येतो. एका तक्रारीने बाजार बदलत नाही हे खरे. परंतु तुकडी क्रमांकासह केलेली एक तक्रार त्या तुकडीतील उरलेल्या डब्यांपर्यंत पोहोचू शकते, आणि त्या डब्या ज्या घरी जाणार होत्या तेथील कोणाचा तरी चेहरा वाचू शकतो.

'वाचणे' या क्रियापदालाही आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत, अक्षरे वाचणे आणि संकटातून वाचणे. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत येण्याची संधी उशिरा मिळवली आहे, आणि दिवसभराच्या कष्टांनंतर पुस्तक उघडले आहे. साक्षरतेचा उपयोग परीक्षेपुरता नसतो. औषधाची बाटली, कर्जाचा कागद, खताचे पोते आणि मलमाची डबी यांच्या मागच्या बाजूला जी बारीक अक्षरे असतात, तेथपर्यंत तिची पोहोच गेली पाहिजे. दुकानदार घाई करील, मागे उभे असलेले लोक कुरकुर करतील. तरीही डबी उलटी करून दोन मिनिटे वाचत उभे राहण्याचा आपला हक्क आहे. ज्याचा माल खरा आहे, त्याला त्या दोन मिनिटांची भीती वाटत नाही.